कोबॉल आणि अप्पांचं कपाळ

कोबॉल ही भाषा ऑपरेटिंग सिस्टिम बांधायला सर्व दृष्टींनी योग्य आहे असं सिद्ध झालं, आणि त्यामुळे आमच्या अप्पांची नोकरी गेली.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरा. मीही लिहिलं नाही असं धरतो. आमच्या सोलापूरच्या कापड मिलमध्ये नोटीस बोर्डावर लागल्याशिवाय कुठलीही गोष्ट घडलेली नसते, आणि बोर्डाच्या काचेला कुलूप आहे. त्याची किल्ली एका रिटायर झालेल्या टाइमकीपरबरोबर त्याच्या गावाला, करकंबला गेली. आत लटकलेली शेवटची नोटीस होळीच्या सुट्टीची आहे. कुठल्या सालची होळी, ते उन्हानं खाल्लं. तेव्हा अजून काहीच झालेलं नाही. अप्पा कामावर आहेत, कोबॉलचा निकाल लागायचाय, आणि मी गोष्ट सुरू करतोय.

अप्पा म्हणजे माझे वडील, मडिवाळप्पा. मागखात्यात बदली कामगार. बदली म्हणजे ज्याची स्वतःची जागा नसते तो. कायम माणसाला ताप आला, त्याचा सासरा वारला, त्यानं आदल्या दिवशी जास्त घेतली, की त्याच्या मागावर बदली उभा राहतो. रोज सकाळी भोंग्याच्या आधी अप्पा गेटवर जाऊन थांबायचे. जॉबर, म्हणजे मागखात्याचा मुकादम, हिंदुराव बाहेर यायचा आणि बोट दाखवायचा: तू, तू, आणि तू. ज्याच्याकडे बोट गेलं त्याला काम, बाकीच्यांना घर. हे माझ्या जन्माच्या आधीपासून चाललं होतं. वर्षाचे दिवस भरत आले की मिल अप्पांना ब्रेक द्यायची, म्हणजे कायम करायची पाळी येऊ नये. इतक्या आजारी माणसांच्या जागी उभं राहून अप्पांना स्वतःला कधी आजारी पडता आलं नाही. बदलीच्या जागी बदली देत नाहीत.

अप्पा कायम व्हावेत, याशिवाय माझ्या आईनं, अव्वानं, देवाकडं काही मागितलं नव्हतं. माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा तिनं आधी तेच मागितलं, आणि मग उरलेल्या वेळात मी झालो. आता घाई होती. येत्या दिवाळीला वय झालेल्या बदल्यांचे पास रद्द होणार, अशी बातमी गेटवर फिरत होती. पास गेला की गेटवर उभं राहण्याचाही हक्क गेला.

मी मात्र बी. कॉम. करून, पुण्याला जाऊन एक कोर्स करून आलो आणि त्याच मिलमध्ये कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागलो. पहिल्या दिवसापासून कायम. हे ऐकल्यावर अप्पांनी बराच वेळ माझ्या चपलांकडे पाहिलं. निदान तिथं तरी काही वेगळं असेल, असं त्यांना वाटलं असावं.

हे अठ्ठ्याहत्तर सालचं. मशीन मिलनं मुंबईच्या एका ऑफिसातून जुनं उचललं होतं. ते बनवणारी विलायती कंपनी सरकारशी न पटल्यामुळं नुकतीच देश सोडून गेली होती, त्यामुळं तक्रार करायची तर विमानानं जावं लागलं असतं. मशीनबरोबर कोबॉल, म्हणजे त्याला काम सांगायची भाषा, आली. ऑपरेटिंग सिस्टिम आली नाही. मुंबईत चढली होती म्हणतात. कुर्डुवाडीला चहाला उतरली असेल आणि गाडी सुटली असेल. कोणी शोधायला गेलं नाही, कारण ती दिसते कशी हे कोणालाच माहीत नव्हतं.

माहीत होतं ते एका माणसाला. मानसिंग. जेऊरच्या शेतकऱ्याचा मुलगा, इंजिनिअर, आमच्या खात्यातला एकमेव प्रोग्रॅमर. ऑफिसात तो पुस्तकासारखं बोलायचा आणि राग आला की जेऊरसारखं.

"ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे मशीनच्या पोटातला हिंदुराव," त्यानं मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. "पगाराचा प्रोग्रॅम, हजेरीचा प्रोग्रॅम, सुताच्या स्टॉकचा प्रोग्रॅम, हे सगळे गेटवर उभे. त्यातला कोण आत जाणार, किती वेळ राहणार, अडकला तर त्याला कॉलर धरून बाहेर कोण काढणार, हे बघणारा एक प्रोग्रॅम. तो नसला तर प्रत्येक वेळी तुला पळत जाऊन सगळं हातानं चढवावं लागेल."

मी तेच करत होतो. मला वाटलं होतं, यालाच कॉम्प्युटर म्हणतात.

मानसिंगनं मग तो पोटातला हिंदुराव लिहायला घेतला. असेम्ब्ली नावाच्या भाषेत, मशीनच्या अगदी अंगाला लागून असलेल्या. पहिले कागद घेऊन तो आमच्या साहेबांकडं गेला. साहेब म्हणजे शिवलिंगप्पा. आधी ते स्टोअरचे प्रमुख होते. कॉम्प्युटर ही वस्तू मिलमध्ये स्टोअरमार्गे आली, म्हणून तिच्याबरोबर तेही वर आले.

"हे काय आहे?" शिवलिंगप्पांनी विचारलं.

"असेम्ब्ली, साहेब. मशीनची सगळ्यात जवळची भाषा."

"मशीनची जवळची असेल. माझी कोण लागते?"

मानसिंगनं कागद पुन्हा त्यांच्यापुढं सरकवले.

"हे बघा मानसिंगराव. मला वाचता येत नाही त्यावर मी सही करत नाही. बावीस नंबरच्या सुतापासून शौचालयाच्या फिनेलपर्यंत, वाचलं आणि मग सही केली. माझी सही नाही ते मिलच्या आत येत नाही. तुम्ही कोबॉलमध्ये लिहा. ॲड म्हणजे मिळवा, मूव्ह म्हणजे हलवा, स्टॉप म्हणजे थांबा. सरळ माणसाची भाषा आहे."

"कोबॉल पगारपत्रकासाठी आहे, साहेब. तिच्यात ऑपरेटिंग सिस्टिम बांधणं म्हणजे..."

"पगारपत्रक होतंय ना? मग हा त्याचाच भाऊ."

शिवलिंगप्पांना कोबॉल मनापासून आवडायची. तिच्यात कुठलाही प्रोग्रॅम काम सुरू करण्याआधी मी कोण, कुठल्या मशीनवर आलो, माझ्याजवळ सामान काय, हे ओळीनं सांगतो आणि मगच कामाला हात घालतो. स्टोअरच्या खिडकीवर त्यांनी आयुष्यभर हेच लोकांना शिकवायचा प्रयत्न केला होता. लोक शिकले नव्हते. ही भाषा शिकूनच आली होती.

मानसिंग त्या दिवशी गेटसमोरच्या हॉटेलात बसून जेऊरसारखं बोलला.

"कोबॉल लई सज्जन भाषा हाय. दुसरा बोलत आसताना मधी तोंड घालत न्हाय. पन सज्जन मानसाला जॉबर करत्यात का रे? एखादा प्रोग्रॅम अडकला, गोल गोल फिराय लागला, तर घड्याळानं हाक मारायची आन् हिंदुरावनं जाऊन त्येच्या पाठीत बुक्की घालायची. ह्या भाषेला हाक ऐकूच येत न्हाय. कानच न्हाईत की तिला."

"आणि न अडकता नीट संपला तर?"

"तर आजून वाईट. आपल्या समद्या प्रोग्रॅमांची शेवटची ओळ काय हाय? स्टॉप रन. येकटा आसताना ठीक. पन आत बोलावलेल्या प्रोग्रॅमानं ते म्हनलं, की त्येच्यासंगट बोलावणारा हिंदुरावबी आडवा. आख्खी गिरनी बंद."

"मग ती ओळ बदलू या की."

मानसिंगनं चहा खाली ठेवला. "सही झाल्याली हाय त्येच्यावर."

तरी त्यानं लिहिली. कोबॉलमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम. शिवलिंगप्पांनी ती पानं जेवणाच्या सुट्टीत शेंगाचटणी-भाकरीबरोबर वाचली, दोन ठिकाणी इंग्रजी सुधारलं आणि सही केली. सुधारलेलं इंग्रजी मशीनला कळेना, म्हणून मानसिंगनं ते गुपचूप पुन्हा बिघडवलं.

ती चालायची ती अशी. हिरवं बटण दाबलं की उठायची, रांगेतलं पहिलं काम आत घ्यायची, आणि ते काम संपलं की त्याच्याबरोबर सती जायची. मशीनवरचा दिवा विझायचा. पुन्हा बटण दाबलं की पुन्हा उठायची, पुढचं काम घ्यायची, पुन्हा सती. दिवसभर हेच. मी टेपा चढवत आणि कार्डं भरत इकडं तिकडं पळायचो, बटणापाशी बसणार कोण? मानसिंगनं एक माणूस मागितला. नवी जागा नाही म्हणून शिवलिंगप्पांनी मागखात्याला एक बदली पाठवायला सांगितलं. निकाल लागेपर्यंत तात्पुरता. हिंदुरावचं बोट अप्पांकडं गेलं. माझे वडील म्हणून नव्हे. त्या दिवशी बाकी सगळ्यांना मागावर काम मिळालं होतं.

एक माणूस दोन खात्यांत असू शकत नाही, म्हणून अप्पांचा बदलीचा पास शिवलिंगप्पांनी जमा करून घेतला.

बाहेर सोलापूर भाजत होतं आणि अप्पा एअरकंडिशनच्या खोलीत सोलापुरी चादर पांघरून स्टुलावर बसायचे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, नजर दिव्यावर. दिवा विझला की आधी त्यांचा अंगठा आणि तर्जनी हवेत एक बारीक पीळ द्यायची, मागावर तुटलेला धागा सांधतात तसा. मग बटण. मी एकदा म्हटलं, "अप्पा, हितं धागा तुटत नाही."

"मग थांबलं कशानं?" अप्पा म्हणाले.

पुण्याच्या कोर्समध्ये हा प्रश्न नव्हता.

आयुष्यात पहिल्यांदा अप्पांना सकाळी बोटाची वाट बघावी लागत नव्हती. ते सरळ आत जायचे. अव्वा नळावर बायकांना सांगायची, "ते आता काम्पुटरात हाईत." बायका विचारायच्या, "कायम का?" अव्वा घागर उचलायची आणि म्हणायची, "भाषेचा निकाल लागू दे."

निकाल हा प्रकार असा सुरू झाला. शिवलिंगप्पांनी मिलच्या अध्यक्षांना सांगितलं होतं, की आपण कोबॉलमध्ये ऑपरेटिंग सिस्टिम बांधली, अशी कोणी बांधत नाही. दुसरा अर्धा भाग खरा होता. अध्यक्षांनी चारचौघांत सांगण्याआधी खात्री करून घ्यावी म्हणून पुण्याहून एक तज्ज्ञ बोलावले. त्यांनी येऊन मशीन बघायचं आणि लिहून द्यायचं: ही भाषा या कामाला योग्य की अयोग्य. आणि आलेच आहेत तर खात्यात माणसं कमी-जास्त किती, तेही लिहायचं. त्यांच्या लिहिण्यावर जागा मंजूर होणार होत्या.

शिवलिंगप्पांनी त्याच दिवशी अप्पांना शेजारच्या खोलीत हलवलं. तिथं सूत गुंडाळायच्या जुन्या बॉबिनांची पोती होती. भिंतीला भोक पाडून वायर नेली, एका फळीवर एक दिवा आणि एक हिरवं बटण बसवलं, समोर स्टूल टाकलं.

"मडिवाळप्पा," ते म्हणाले, "तज्ज्ञांना तू दिसायचं नाहीस. तिकडं मशीन थांबायचं नाही. चाचणी पास झाली की तुझं कायमचं बघतो."

अप्पांनी दोन्ही हात जोडले. मग एक हात सोडून, बटण किती लांब आहे ते बघितलं.

तज्ज्ञ यायच्या आदल्या संध्याकाळी मानसिंग आम्हा बापलेकाला हॉटेलात घेऊन गेला.

"अप्पा, उद्या एकदा उशीर करा."

"कशाला?"

"दिवा विझला की लगेच बटण दाबू नका. हात मांडीखाली घालून बसा. शंकराचं नाव घ्या सावकाश."

"आन् मशीन?"

"थांबू दे. तज्ज्ञ विचारील, का थांबलं? मग मी दार उघडून तुमाला दाखवतो. म्हनतो, साहेब, कोबॉलमध्ये जे न्हाय ते हितं स्टुलावर बसलंय. मग त्याला लिहावंच लागंल की माणूस लागतो. लिहिलं की जागा झाली. जागा झाली की तुमी कायम."

"साहेब तर म्हनले, पास झालं की कायम."

"पास कोन हुनार, अप्पा? भाषा. तुमी न्हाय. मशीन कुटंच थांबलं न्हाय तर माणूस लागतच न्हाय. मग तुमी कशाला?"

अप्पांनी बशीतला चहा हलवून बघितला. "आन् ती नापास झाली तर ती दुसरी भाषा आनशीला की तू. तिला मानूस लागत न्हाय म्हनं."

"तिच्यावर सही कोण करतंय? शिवलिंगप्पासाहेब रिटायर होईस्तोवर तुमाला मरण न्हाय. फक्त एकदा उशीर करा."

"थांबलेल्या मागाम्होरं नुस्तं बसून ऱ्हायचं?"

"एकदाच."

"मानूस बघंल की."

"कोण बघतंय? त्या खोलीत कुणी नसनार."

"मी आसनार की," अप्पा म्हणाले.

मानसिंगनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "अप्पा, अव्वाची शपथ." मग ते तयार झाले. हात मांडीखाली घालणार, उचलणार नाही, असं कबूल केलं. घरी आल्यावर अव्वानंही वदवून घेतलं, एकदा मराठीत आणि एकदा कन्नडमध्ये, म्हणजे कुठल्याही बाजूनं सुटायला नको.

तज्ज्ञ सकाळच्या गाडीनं आले. सभ्य गृहस्थ. शिवलिंगप्पांनी आधी हार घातला, मग चहा, मग हजेरीचा प्रोग्रॅम. मशीन सुरू झालं. मी टेपांपाशी, मानसिंग बॉबिनांच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभा. हजेरी संपली. दिवा विझला.

आत्ता. आत्ता उशीर होईल. तज्ज्ञ मान वर करतील, विचारतील, आणि अप्पा कायम.

दिवा लागला. सुताच्या स्टॉकचं काम सुरू झालं.

मानसिंगनं पाठीनं दारावर हळूच एक धक्का दिला. आतून काही नाही. स्टॉक संपला, दिवा विझला, दिवा लागला. पगार सुरू झाला. मानसिंगनं कोपरानं दार वाजवलं. तज्ज्ञांनी बघितलं तेव्हा तो पाठ खाजवत असल्यासारखा हलला.

"कमाल आहे," तज्ज्ञ म्हणाले. "एक काम संपलं की दुसरं आपोआप. कोबॉलमध्ये हे शक्य आहे असं मला कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. मधे तेवढा दिवा मिणमिणतो, तो का?"

"सोलापूरची लाईट, साहेब," शिवलिंगप्पा म्हणाले.

तज्ज्ञांनी सहानुभूतीनं मान हलवली.

मग त्यांनी स्वतःच्या बॅगेतून आणलेला एक प्रोग्रॅम द्यायला सांगितला. त्यात मुद्दाम गोल फिरणारा घोटाळा होता. मानसिंगचा चेहरा उजळला. हा प्रोग्रॅम संपणारच नाही. कोबॉलला त्याला बाहेर काढता येणारच नाही. आता कोणी उशीर करो न करो, मशीन अडकणार. मी कार्डं भरली. मशीन अडकलं. दिवा विझला नाही, पिवळा झाला आणि तसाच राहिला. तज्ज्ञांनी खिशातून पेन काढलं.

आतून दोनदा धप्प असा आवाज आला. दिवा विझला, लागला, आणि पुढचं काम सुरू झालं.

"अडकलेलं कामही सोडवते!" तज्ज्ञ उठून उभे राहिले. "याला कान आहेत!"

मानसिंगचं धैर्य इथं संपलं, किंवा इथं सुरू झालं म्हणा. "साहेब," तो मोठ्यानं म्हणाला, "हे कोबॉल करत नाही. शेजारी माणूस आहे." आणि त्यानं दार उघडलं.

आत पोत्यांच्या मधे अप्पा स्टुलावर बसले होते. दोन्ही हात मांडीखाली, अगदी कबूल केल्याप्रमाणे. कंबरेतून पुढं वाकलेले, आणि कपाळ फळीवर टेकलेलं. हिरवं बटण कपाळाखाली होतं, त्यामुळं दिसत नव्हतं. कुठलं काम कधी संपेल आणि मान खाली घालायला उशीर होईल या भीतीनं त्यांनी ती वर काढायचीच सोडून दिली होती; दिवा विझला की नुसता भार द्यायचे. एक डोळा तिरपा करून ते दिव्याकडं बघत होते, पण तो डोळा भिंतीच्या बाजूचा होता.

दारातून दिसत होता तो पाठमोरा, मान टाकलेला, शांत म्हातारा.

"झोपलेत," तज्ज्ञ हळू आवाजात म्हणाले. त्यांनी स्वतःच दार अलगद लोटून घेतलं, जाग येऊ नये म्हणून.

"साहेब, तेच दाबतायत..." मानसिंग म्हणाला.

"कशानं?"

याला उत्तर होतं, पण ते पुण्याच्या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं. तरी मानसिंगनं सांगितलं. "कपाळानं, साहेब."

तज्ज्ञांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्ही फार थकलेले दिसता. हे काम एकट्यानं केलंत, मला कल्पना आहे. पण यशावर असा अविश्वास बरा नाही." मग शिवलिंगप्पांकडं वळून, "हे आतले गृहस्थ कोण?"

शिवलिंगप्पांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, सांगतील. त्यांनाही वाटलं असावं. मग म्हणाले, "स्टोअरचे."

ते खोटं नव्हतं. खोली स्टोअरचीच होती.

तज्ज्ञ गेल्यावर आम्ही अप्पांना उठवलं, म्हणजे वर केलं. विभूतीचे पट्टे पुसले गेले होते आणि त्यांच्या मधोमध बटणाचा गोल उमटला होता, लाल.

"हात न्हाय उचलले," अप्पा म्हणाले. ते खूश होते. "शपथ होती. पन दिवा विझल्यावर डोस्कं आपसूक गेलं बघ. लई येळा म्हनलं, जाऊ नकोस. जातंयच."

"त्या शेवटच्या वेळी तरी, अप्पा..." मानसिंग म्हणाला. "त्या वेळी तर मशीन आपलं आपण अडकलं होतं की."

"म्हनून तर दोनदा मारलं. येकदा बंद कराय, येकदा चालू कराय," अप्पा म्हणाले. "पास झाली का?"

झाली. अहवाल आला. कोबॉल ही भाषा ऑपरेटिंग सिस्टिम बांधण्यास सर्व दृष्टींनी योग्य. मानवी हस्तक्षेपाची गरज नाही. तसेच, शेजारील खोलीत एक अतिरिक्त कामगार झोपलेला आढळला.

या एका अहवालावर तीन गोष्टी झाल्या, आणि तिन्ही नियमाप्रमाणे. हस्तक्षेपाची गरज नाही म्हणून शिवलिंगप्पांनी दोन्ही हिरव्या बटणांवर लाख ओतून मिलचा शिक्का मारला. अतिरिक्त म्हणून अप्पांना काढलं. आणि कामावर झोपल्याचा शेरा असल्यामुळं जमा करून घेतलेला बदलीचा पासही परत मिळाला नाही. दिवाळीची वाट बघावी लागली नाही.

शिवलिंगप्पांनी मला बोलावून घेतलं. ते टेबलाकडं बघत होते. "रेवणसिद्ध," ते म्हणाले, "तुझे वडील वाईट माणूस नाहीत. पण मी जे वाचतो त्यावर सही करतो. त्यात झोपले असं लिहिलंय." मला वाटतं त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. त्यांनी मला घरी न्यायला अर्धा किलो शेंगाचटणी दिली. आम्ही ती अजून उघडलेली नाही.

शिक्का मारताना बटण एकदा दाबलं गेलं होतं, तेवढ्यावर मशीननं हजेरीचं काम केलं, स्टॉप रन म्हटलं आणि थांबलं. ते अजून थांबलेलं आहे. मशीन बंद पडल्याचं लिहायला रजिस्टरात रकाना होता, तो अहवालानंतर काढून टाकला, कारण ते बंद पडत नाही. एअरकंडिशन चालू असतो. मी रोज टेपा पुसतो. पगारपत्रक तीन कारकून पोत्यांच्या खोलीत हातानं लिहितात, आणि मी ते मशीनमधून आल्यासारखं दोन हातांत धरून साहेबांकडं नेतो.

मानसिंगनं राजीनामा दिला. रागाच्या भरात त्यानं तो असेम्ब्लीमध्ये लिहिला. शिवलिंगप्पांना वाचता आला नाही, म्हणून त्यांनी सही केली नाही, म्हणून तो अजून नोकरीवर आहे. माझ्यासमोर बसतो. कधी कधी विझलेल्या दिव्याकडं बघून म्हणतो, "एकदा उशीर केला आसता तर," आणि मग स्वतःच म्हणतो, "न्हाय, त्यांच्यानं न्हाय झालं आसतं."

अप्पा अजून गेटवर जातात. पास नाही, तरी जातात. हिंदुरावचं बोट फिरत येतं आणि त्यांच्यापाशी आलं की थोडं वर होतं, डोक्यावरून जातं, आणि पलीकडच्या माणसावर उतरतं. एकदा हिंदुराव म्हणाला म्हणे, "मडिवाळप्पा, घरी जा. कशाला उन्हात उभा ऱ्हातोस?" अप्पा म्हणाले, "उभाच हाय न्हवं? बघ. जागा हाय."

अव्वा आता नळावर लवकर जाते, बायका यायच्या आधी.

परवा जेवताना अप्पा म्हणाले, "रेवण्या, येक अर्ज लिही."

"कायम करा म्हणून?"

"ते ऱ्हाऊ दे." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, आणि न खाता ताटात ठेवला. "कायम न्हाय केलं तर न्हाय. काडलं तर काडलं. पन झोपला म्हनले रे. आख्ख्या मिलमदी वाचलं आसंल. येवढी वरसं मागावर, कंदी डुलकी न्हाय. तेवढं लिही."

मी म्हटलं, अध्यक्ष वाचणार नाहीत. अप्पा म्हणाले, तू चांगलं लिही. म्हणून चांगलं लिहिलं. मानसिंगनं तपासून दिलं, आणि शिवलिंगप्पांना वाचता यावं म्हणून आधी आपण कोण, कुठून आलो, जवळ सामान काय, हे सगळं घातलं. तो भाग इथं गाळतो. शेवटचा परिच्छेद असा:

"सबब, मा. अध्यक्षसाहेबांस विनंती करण्यात येते की, तज्ज्ञांच्या अहवालानुसार कोबॉल ही भाषा सदर कामास योग्य ठरली असल्याने, व त्या वेळी अर्जदार हा सदर भाषेत न आढळणाऱ्या आज्ञेच्या जागी बदली म्हणून हजर असल्याने, जगात जेथे जेथे ही भाषा वापरली जाते तेथील सक्षम अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार करून भाषेच्या पुढील आवृत्तीत श्री. मडिवाळप्पा यांचा एक आज्ञा म्हणून समावेश करण्यात यावा, त्या जागी त्यांना कायम करण्यात यावे, आणि तसे होईपर्यंतच्या काळात ते जागे होते असे समजण्यात यावे."